डेव्हिएशनवर पास

दूध बाजाराच्या पुढे, रिक्षा जिथे नाही म्हणते,
तिथे यासीन कोकणींचं दुकान. अर्धं घड्याळांचं,
अर्धं कशाचं, ते त्यांनाही धड सांगता येत नाही.
माझ्या खिशात चार हजार. बोनसमधून
गॅसची शेगडी आणि सासूबाईंचा चष्मा वजा जाता उरलेले.
घरी सांगितलंय, साडेतीन.

फडक्यातून त्यांनी काढून ठेवला
रशियन कॅमेरा, विटेसारखा जड.
म्हणाले, "साठीचा आहे. माझ्यापेक्षा बरा चालतो."

मी अंबडला इन्स्पेक्शनला, एकोणीस वर्षं.
रोज आठशे बुश या बोटांखालून जातात,
दोन शतांश जास्त भरला की लाल डब्यात.
हातांना दुसरं काही येत नाही,
त्यांनी तिथेही तेच सुरू केलं.

लेन्स बाहेर नेऊन आभाळासमोर धरली:
कडेला बुरशी,
कोळ्याने काम सोडून दिलं असावं इतकीच.
मागचं झाकण उघडलं. फोमची काकवी झालेली.
पुढच्या रिंगला पोचा. पट्ट्याची एक कडी गायब.
मग कान लावून खटका ऐकला,
तिसावा, साठावा, सव्वाशेवा,
आणि पाचशेवा, जो अडीचशेच्याच आवाजात बोलला.

"पाच दोष," मी म्हणालो.
त्यांनी डोळ्यावरचं भिंग कपाळावर सरकवलं.
"सहा. टायमर अर्ध्यावर झोपतो.
तुम्ही विचारताय का, वाट बघत होतो."

एकोणीस वर्षांत एकाही सप्लायरने
मला सहावा दोष सांगितलेला नाही.
मी डोळा लावला, नुसतं काहीतरी करायचं म्हणून.

समोरच्या ओट्यावर एक बाई बांगड्या भरून घेत होती.
रिंग फिरवली: हिरवट धुकं, अजून धुकं,
मग एकदम मनगट. आक्रसलेली बोटं.
कासाराचा अंगठा.
खटका दाबला
आणि सगळं काळं. बाई नाही, ओटा नाही,
दूध बाजार नाही.

"सातवा!" मी ओरडलोच.
"हा दोष नाही हो, रीत आहे त्याची.
आरसा वर जाऊन बसतो. पुढचं बघायचंय ना?
मग चावी द्या."
चावी दिली. बाई परत आली,
दुसऱ्या हातासह.

अडतीसशे. तीन हजार. चहा.
फोम बदलून देतो, पस्तीस.
कंपनीत अशा मालाला एक पिवळी चिठ्ठी असते:
मापात नाही, पण काम भागतं, डेव्हिएशनवर पास,
खाली सही. मी कधी सहज करत नाही.
इथे केली, म्हणजे नोटा मोजल्या.

"आणि रोल?"
"नऊशे."
दोघंही थोडा वेळ घड्याळांची टिकटिक ऐकत बसलो.
"पुढच्या पगाराला या," ते म्हणाले, "तोवर रिकामा चालवा.
प्रकाशाचा काटा यात नाहीच मुळी,
तो तुमच्याकडे तयार व्हायचाय."

रामकुंडाशी ऊन भिंतीवरून उतरत होतं.
दोरीला लोहचुंबक बांधून एक पोरगा
पाण्यातून नाणी काढत होता.
साठावा? नाही, तिसावा. अंदाजाने.
दोरी ताठ झाली, तो वाकला,
मी दाबलं. काळोख.
चावी देईपर्यंत नाणं त्याच्या खिशात
आणि दोरी परत पाण्यात.
असे मी वीसेक काढले. एकही कुठे नाही.

घरी तिने आधी हातात घेऊन वजन पाहिलं.
"किती पडले?"
"साडेतीन."
बोलून झाल्यावर लक्षात आलं,
खोटं म्हणून ठरवलेला आकडा खरा निघाला होता.
मागच्या खिशात पाचशे,
म्हणजे अर्ध्या रोलाहून थोडे जास्त.
अर्धा रोल कोणी विकत नाही.