अकरावं नाव

अकरा जण जोडा, टॅब्लेट फुकट.
दहा झाले: ऑफिसातले सात, जिममधले दोन,
आणि धायरीचा गॅसवाला.

अकराव्यासाठी नंबर चाळता चाळता
सापडला हेरंब.
कर्वेनगरच्या फ्लॅटच्या डिपॉझिटवरून बिनसलेलं,
चार वर्षं बोलणं नाही.

पाठवली लिंक. नुसतीच.
'कसा आहेस' एवढंसुद्धा नाही.

रात्री पावणेबाराला दोन निळ्या खुणा,
मग यादीत त्याचं नाव, हिरवं.

टॅब्लेट अर्थातच आला नाही.
आता एकवीस जण लागतात म्हणे.

शेवटी फोन केला.
अरे, तू बँकेतला माणूस,
तुला तरी कळायला नको?

कळलं की, म्हणाला. शुद्ध बनवाबनवी.
पण तुझ्याकडून काहीतरी आलं होतं.

आणि जरा थांबून,
डिपॉझिटचे साडेचार हजार
अजून यायचेत.