नांगर

सारंगखेड्याच्या यात्रेत घोडेबाजार संपतो
आणि पाळणे सुरू होतात, त्या सांदीत
धुडकू उखाचा पट असायचा.
सहा घरं. मीच रंगवलेली,
दर तीन वर्षांनी, मांजरपाटावर, ऑइलपेंटनं.

खेळ त्याच्या बापानं आणला, बसऱ्याच्या लढाईहून:
हाडाचे तीन फासे, चामड्याचा पेला
आणि सहा नावं.
इस्पिक, बदाम, चौकट, किलवर, मुकुट, नांगर.

नांगर म्हणजे जहाजाचा.
हे मला फार उशिरा कळलं.
फाशावरची खूण झिजलेली, आकड्यासारखी,
आणि आमच्या तापीत होडीला दोर पुरतो.
मी काढला शेतातला. फाळ, रुमणं,
वर हौसेनं एक बैलजोडी.
धुडकू बघत राहिला, मग हसला,
"ऱ्हाऊ दे भो, यानावरच पैसा लागी."

लागला. घोडा विकून आलेला मारवाडी
कमरेची थैली सोडून नांगरावर बसायचा.
हवालदार हप्ता घ्यायचा
आणि जाताना त्यातलाच रुपया मुकुटावर हरायचा.

धुडकू लबाड नव्हता.
लबाडी खेळातच होती, हिशोबात मुरलेली:
एक फासा लागला तर एकास एक,
तिन्ही लागले तर तिप्पट,
तरी पहाटे नाणी त्याच्याच सोग्यात.
पार धुतला गेलेल्याला मात्र तो चहा पाजायचा
आणि शहाद्यापर्यंतचं एस्टीचं भाडं द्यायचा,
मोजून, वर एक पैसा नाही.

बंदीनं खेळ मेला म्हणतात. बंदी तर आधीही होती.
पोरंच पटाशी थांबेनात.
अंगठ्याखाली काच, काचेत फासे,
त्यांना पेल्याचा आवाजसुद्धा, हुबेहूब.
पाळण्याच्या खांबाला टेकून एक पोरगं हरताना पाहिलं,
चेहरा निळा, शेजारच्यालाही पत्ता नाही.
त्याला चहा कोण विचारणार?

पट शेवटचा दिसला एका घोडीच्या पाठीवर, थंडीपुरता.
घामानं बदाम गेलेला, बैल शाबूत.
माझं दुकान फ्लेक्सनं खाल्लं, तो वेगळा विषय.

धुडकूचा हिरामण फासे देऊन गेला,
"बायको म्हणे, घरात नको."
परवा लाईट गेली तेव्हा टाकले, पेल्याशिवाय, नुसत्या मुठीनं.
बॅटरी मारली.
एक चौकट. एक नांगर.
तिसरा कपाटाखाली गेला.

कपाट जड आहे.