इतिवृत्त

सभा रात्री नऊची. सुरू झाली पावणेदहाला.
जागा : पार्किंग, बी विंग,
मीनलबेनची स्कूटर हलवून मोकळी केलेली.
उपस्थिती तेरा. कोरमला सोळा लागतात.
हे मी लिहिलं. बावीस वर्षं मीच लिहितो
वाघोडिया रोडवरच्या या सोसायटीचं,
कानावर मराठी, कागदावर गुजराती,
अक्षर बरं म्हणून.

विषय पहिला : फ्लॅट तीनशे चार.
पाण्याची मोटर गेली त्या रात्री
जिन्यात ज्याचा ओठ फाटला, तो.
मोटर नंतर सापडली. प्लंबरनेच
दुरुस्तीला नेली होती, सांगायला विसरला.
(हे लिहावं की नाही, यावर दहा मिनिटं चर्चा.)

तो बोलला. कॉलेजात उचललेली हिंदी,
मध्येच आमचं 'बस, एटलुं ज'.
म्हणाला, मार विसरेन.
पण मी लिफ्टमध्ये शिरलो
की तुम्ही श्वास धरून ठेवता
तिसऱ्या मजल्यापर्यंत.
मी मोजतो. अकरा सेकंद.
आता मीही धरतो.

प्रबोधभाई म्हणाले, आपण तर पाहुण्याला देव मानतो.
तो म्हणाला, मी भाडं देतो.

मी लिहिलं : हशा.
मग खोडलं.

मग परमारकाका उठले, रेल्वेतून निवृत्त,
सभेत कधीच न बोलणारे.
म्हणाले, मला इथे घर मिळालं
कारण दलालाने माझं आडनाव
मालकाला बयाणा घेतल्यावर सांगितलं.
या गावात खोली नाकारल्याची गोष्ट
आमची पोरं बोलायला लागायच्या आधी ऐकतात.
आणि तरी, उतरायणानंतरच्या सभेत
'परदेशी भाडेकरू नकोत' आलं, तेव्हा
मी हात वर केला.
सगळ्यांना दिसावा म्हणून जरा उंचच.

त्यानंतर किती वेळ कोणी बोललं नाही
ते घड्याळात बघायचं राहून गेलं.

तो ठराव माझ्याच अक्षरात आहे. पान एकेचाळीस.
'सर्वानुमते'.
दोन्ही भाषांत सारखाच शब्द,
आणि रफार कसला डौलदार आलाय.

त्याने वही मागितली.
बसच्या पाट्यांवरून शिकलेली अक्षरं
बोट ठेवून लावली. विचारलं, यात मी कुठे?
मी दाखवलं : ३०४.
त्याने नाव सांगितलं. मी दोनदा चुकलो.
तियामिके.
म्हणजे 'आभार मानू या', तो म्हणाला,
पण आज नको.

ठराव रद्द करायला कोरम नव्हता.
पुढची सभा रविवारी, सूचना फलकावर लागेल.
छगन वॉचमनने चहा दिला, सगळ्यांना कागदी कप,
आणि स्वतःसाठी पिशवीतून
आपला स्टीलचा पेला काढला.
बावीस वर्षं तोच काढतो.
हे विषयपत्रिकेवर नव्हतं.

लिफ्टमध्ये आम्ही दोघं.
दार लागलं.
मी श्वास सोडायला गेलो,
तर एवढा मोठा आवाज झाला
की दोघेही दचकलो.