छाट

शनिवारी सहाला काउंटर बंद झालं,
सोमवारी दहाला उघडायचं.
मधल्या चाळीस तासांत
निपाणीच्या विडी कामगार महिला पतसंस्थेची अठरा वर्षं
मायएसक्यूएलमधून उचलून पोस्टग्रेसमध्ये ठेवायची.
सोबतीला हुक्केरीचा शिवलिंग,
चहाचा एक थर्मास
आणि हायवेवरनं कंटेनर गेला तरी
टीं करणारा यूपीएस.

आधी गावं.
एकाच स्तंभात बेळगाव, बेळगावी, बेलगाम,
आणि एका ठिकाणी नुसतंच 'बे.'
शिवलिंग म्हणाला, एकच ठेव की.
कुठलं, ते बोलला नाही.
मीही विचारलं नाही.
आम्ही दोघांनी मिळून पिनकोड ठेवला.

नावांचं निराळंच.
जुन्या फॉन्टातली मराठी
नव्या जागी प्रश्नचिन्हं होऊन उतरली.
सातशे बाया, सातशे ओळी,
ओळभर ????? ??????
कन्नडमध्ये भरलेल्यांचंही तेच.
"बघ," शिवलिंग म्हणाला, "इथं तरी भांडण नाही."
मग एनकोडिंग नीट लावून पुन्हा सोडलं,
तेव्हा गंगव्वा आली, आक्काताई आली,
मागनं दोन कस्तुरी, एक निंगव्वा,
पाळी सुटल्यासारख्या
घोळक्याघोळक्यानं.

पहाटे तीनला लॉग लाल.
तीनशे बारा ओळी नाकारल्या.
जन्मसाल शून्य, महिना शून्य, दिवस शून्य.
जुनं हे खपवून घ्यायचं.
नवं म्हणतं,
असा दिवस नसतो.

सेक्रेटरी चौगुले झोपेतनंच म्हणाले,
"एक जून टाका की सगळ्यांना.
आमच्या मास्तरानं तेच केलं."
पण एक जून मिळायला
शाळेच्या दारात तरी जावं लागतं.

रविवारी सकाळी शटर अर्धं वर दिसलं म्हणून
हलिमाबी जमादार वाकून आत आल्या.
खाते क्रमांक चारशे सतरा.
तीनशे बारांतल्या एक.
विचारलं, जन्म कधीचा?
"तंबाखूवर गारा पडल्या त्या साली."
कुठल्या गारा?
"दोनदा पडल्या की. त्यातल्या पयल्या."

स्क्रीनकडं बघत राहिल्या.
"ह्ये लाल काय? छाट?"
म्हटलं, होय, छाटच.
मग खुर्ची ओढून बसल्या.
हजाराला चाळीस छाटायचा त्यांचा चेकर.
पान जरा काळं, दोरा जरा ढिला,
कधी नुसता त्याचा मूड.
छाटलेली परत देत नसे,
पैसेही देत नसे.
"मग त्या विड्या जायच्या कुठं?" शिवलिंगनं विचारलं.
"कुणीतरी वढतच असंल की."

त्या गेल्यावर बराच वेळ आम्ही काही चालवलं नाही.
थर्मास उलटा केला, थेंबभर निघाला.

मग मी तारखेवरची सक्तीची अट काढली,
शून्यांच्या जागी रिकामं ठेवलं.
रिकामं म्हणजे नाही, असं नव्हे,
माहीत नाही, एवढंच.
शेजारी एक नवा स्तंभ उघडला,
अक्षरांची मर्यादा न घालता.
नाव दिलं: सांगितलेला जन्म.
चारशे सतरापुढं लिहिलं,
गारा, पहिल्या.

सोमवारी पावणेदहाला
तिकडं अकरा हजार चारशे ब्याऐंशी,
इकडं अकरा हजार चारशे ब्याऐंशी.
ठेवी पैशापर्यंत जुळल्या.
चौगुलेंनी नारळ आणला होता,
तो कशावर फोडायचा ते कुणालाच ठरवता येईना,
शेवटी पायरीवर फोडला.

दहाला रांग लागली.
उरलेल्या तीनशे अकरांची यादी घेऊन
शिवलिंग काउंटरबाहेर उभा.
पहिल्याच बाईला तो कन्नडमध्ये विचारतोय,
ती मराठीत सांगतेय,
मी टाइप करतेय:
विहिरीला पाणी लागलं त्या साली.

थांब म्हणाली.
खोडलं.

लागलं नाही त्या साली.