सेकंड माल

तीन दिवसांत छापून देतो, म्हणाला मेल.
'आदरणीय डॉक्टर चिलवेरी महोदय' –
मी डॉक्टर नाही. महोदय तर नाहीच.
अठराशे रुपये, प्रमाणपत्र फुकट,
खंड अकरा, अंक चार, मुखपृष्ठावर
कुठल्याशा बर्फाळ देशातला पूल.

इथं केगावात दुपारी दोनला लॅबचा पंखा
तापलेली हवा नुसती इकडची तिकडं करतो.
जूनपर्यंत दोन पेपर, नाहीतर वेतनवाढ नाही.
एक होता माझ्याकडं, खरा:
टॉवेल विणताना तुटलेला धागा कॅमेऱ्यानं ओळखणं.
चार हजार एकशे बारा फोटो,
अक्कलकोट रोडला रात्रपाळीत मागांशेजारी उभं राहून काढलेले,
केसांत कापूस, कानांत सकाळपर्यंत धोटे.

मोठ्या जर्नलनं चौदा महिने ठेवून घेतला.
मग दुसऱ्या परीक्षकाची दीड ओळ:
डेटा एकाच गावचा. निष्कर्ष व्यापक नाहीत.
स्वीकारला असता तर
सगळ्यांना फुकट वाचता यावा म्हणून
मला भरायचे होते पाच पगार.

सर म्हणाले, लहान ठिकाणी दे.
पहिलं नाव त्यांचं, तिसरं प्राचार्यांचं.
साम्य निघालं एकतीस टक्के, बहुतेक माझ्याच प्रबंधाशी,
म्हणून सरांच्या भाच्यानं तो शब्द बदलणाऱ्या यंत्रातून काढला.
न्यूरल नेटवर्कचं झालं मज्जेचं मासेजाळं.
साम्य नऊ टक्के. अर्थ, माहीत नाही किती.
चाळीस मिनिटांत स्वीकृत:
'उत्कृष्ट संशोधन. स्वल्पविराम तपासावेत.'
पैसे भरायची लिंक रात्री बारापर्यंत.

घरी नायनांनी प्रिंट हातात घेतली.
चाळीस वर्षं जॉबर. इंग्रजी येत नाही.
पानं उलटताना अंगठा घासत होते कागदावर,
पोत बघतात तसा.
सातव्या चित्रावर थांबले. तेलुगूत म्हणाले,
हा तुटलेला नाही. गाठ आहे ही, चांगली मारलीय.
आणि हे असं किती फोटोंत लिहिलंयस?

आमच्याकडं सेकंड माल किलोवर जातो,
पण काठाला शाईचा ठिपका मारून.
गिऱ्हाइकाला कळलं पाहिजे.

लॅपटॉप उघडला. पहिल्या शंभरात अकरा.
पुढच्या शंभरात सात, एकावर आमचं भांडण.
आई दोनदा येऊन ताट झाकून गेली.
पावणेबाराला मी घड्याळाकडं बघितलं,
त्यांनी चष्मा पुसला,
म्हणाले, पुढचा.