रुमालाखाली

फोनवरची मुलगी विचारते, मॅडम, अपेक्षा किती?
मी म्हणाले, उद्या सांगते.
उद्या म्हणजे आज.

मार्केट यार्डात, चौगुलेआप्पांच्या अडतीवर
नऊ वर्षं हळदीची बिलं लिहितेय.
तोलाई, हमाली, बारदान, सेस,
पोत्यामागं किती वजा, झोपेतही सांगेन.
स्वतःच्या पगाराला मात्र कधी काटा लावला नव्हता.

इथं एकोणतीस हजार. तिथं वाकडला पन्नास.
बिलाच्या पाठकोऱ्या कागदावर मधोमध रेघ ओढली:
डावीकडं सांगली, उजवीकडं पुणं.
भाडं इथं साडेपाच, तिथं एकोणीस,
वर दीड हजार मेंटेनन्स.
पोरीची शाळा इथं चालत,
तिथं व्हॅन, चोवीसशे.
बसचा पास, दूध, भाजी,
आणि कोथिंबीर,
जी हौसाक्का मेथीवर नुसती टाकते,
तिचा तिथं रकाना नवा उघडायला लागेल.

रात्री दोनदा बेरीज केली.
एवढं सगळं जाऊन
इथल्यापेक्षा हातात बाराशे जास्त.
बाराशे.
शीतल म्हणाला, बाराशेसाठी कुपवाडची फाउंड्री सोडू?
मला तिकडं काम लागेपर्यंत तेही उणे होतील.
खरं होतं.
मी पेन्सिलीला टोक करत बसले.

मग दिव्याखाली ती दिसली,
स्विचबोर्डाच्या वीतभर वर,
दोनदा रंग देऊनही पुन्हा उमटणारी करडी रेघ.
घर दाखवलं त्या दिवशी
मालकानं कॅलेंडर बरोबर तिथंच टांगलेलं होतं.
साडेपाच म्हणाला, मी घासाघीस केली नाही.
इतकं स्वस्त का, हेही विचारलं नाही.

आता दर पावसाळ्यात
आयर्विन पुलाचे फूट मोबाईलवर येत राहतात.
चाळीस झाले की फ्रिज पलंगावर, पलंग विटांवर,
रेशनकार्ड, गॅसचं पुस्तक, पोरीचे दाखले
पत्र्याच्या पेटीत,
पेटी वरच्या मुल्लाणीभाभींकडं.
त्या काही विचारत नाहीत, चहा टाकतात.
हे कागदावर लिहिलंच नव्हतं मी.
ना पाणी, ना चहा.
तिथं चौथा मजला. पाणी टँकरनं येतं, विकत.
इथं फुकट येतं,
उंबऱ्याला विचारत नाही.

सकाळी आप्पांना कंपनीचं पत्र दाखवलं.
चष्मा पुसून त्यांनी दोनदा वाचलं.
बाहेर तेलंगणातून आलेला ट्रक उतरत होता,
हमालांच्या भुवया पिवळ्या.
म्हणाले, ही हळद तरी कुठं सगळी इथली?
भाव आहे तिकडं माल जातो, त्यात राग कसला.
फक्त वाटेत वजन कमी होतं.
बाई, घट धरलीय का तुम्ही?

नव्हती धरली.
नऊ वर्षं दुसऱ्यांच्या पोत्यांना धरत आले.

पूर्वी म्हणे सौद्यात भाव तोंडानं बोलत नसत.
रुमाल टाकायचा, खाली हात द्यायचा, बोटं दाबायची.
बघणाऱ्याला चेहरा दिसायचा,
आकडा फक्त हाताला कळायचा.

साडेचारला फोन लावला.
डाव्या हातात मोबाईल, उजवा ओढणीखाली,
बोटं आपली आपण मिटली: आधी पाच, मग सहा.
छप्पन्न, मी म्हणाले.
पलीकडं की-बोर्ड थांबला.
मॅडम, हा आकडा कसा काढलात?
पुढ्यात तो पाठकोरा कागद, कडा हळदीच्या,
बाराशेवर कपाचा गोल डाग.

घट धरून.
कसली?
सगळ्याचीच, म्हणाले.

होल्ड करा, सरांना विचारते.
तिकडं बासरी वाजू लागली.
इकडं काट्यावर पुढचं पोतं चढलं,
आप्पांनी वजन मुद्दाम मोठ्यानं वाचलं,
माझ्याकडं न बघता.

मी ओढणीखालून हात काढला नाही.