पाण्यावरची रेघ

मामाचे प्रतिज्ञापत्र मी टाइप केले
तारावाच्या कचेरीत. वीज नव्हती, पंखा बंद,
लॅपटॉपचे अकरा टक्के उरलेले.

मामा सांगत होता :
नेई कारोतूला मुलगा झाला त्या वर्षी विहीर मचूळ झाली.
वकीलबाई हॅलोरन म्हणाल्या, तारीख हवी.
अमावास्येची भरती होती, मामा म्हणाला.
तारीख.
बाबाईच्या खड्ड्यात पाने पिवळी पडली,
कंद उपटला तर शिजल्यासारखा मऊ,
आणि माझ्या आईच्या थडग्यावरचे पांढरे खडे
सकाळी शाळेच्या पायरीशी सापडले.

बाई बराच वेळ पेनाचे टोपण लावत-काढत राहिल्या.
मग म्हणाल्या, हे राहू द्या.
पण तारीखही लिहा.
मी अंदाजाने एक लिहिली.
मामाने खाली सही केली, शपथेवर,
चाळीस वर्षे मुलांना भूगोल शिकवलेल्या
वळणदार अक्षरात.

हेगला मी उसना कोट घालून बसले. बाह्या लांब.
झुंबरे, रंगीत काचा, बाहेर सायकलींवर गारठा.
मोठ्या देशांचे वकील किती सभ्य बोलतात!
हानी झाली हे आम्ही नाकारत नाही, म्हणाले,
पण कोणत्या धुराड्याच्या धुराने कोणती विहीर नासली
याचा हिशेब कोण कसा मांडणार?
कानातल्या यंत्रात एक दुभाषी बाई
सगळ्यांचे सगळे एकाच आवाजात सांगत होती.
‘विहीर’पाशी ती किंचित अडली.
मला तेवढेच आठवते त्या दुपारचे,
आणि जेवणात मिळालेले थंड, गुलाबी मासे.

मग हद्दीचा वाद निघाला.
पूर्वी समुद्रातली हद्द मोजायची ओहोटीच्या काठापासून;
काठ मागे सरला की हद्द मागे,
हद्दीबरोबर ट्यूनाचे थवे परक्यांचे.
आता म्हणतात, नकाशावर एकदा नोंदली की ती हलायची नाही,
काठ बुडाला तरी नाही.
म्हणजे पाण्यावरची रेघ
काळ्या दगडावरची झाली.
मी वहीत हे लिहून घेतले, दोनदा अधोरेखित केले,
आणि मग आठवले,
आमच्याकडे काळा दगड नाहीच.
सगळे पांढरे पोवळे. बोटांत चुरते.

आणि देश? कोणीतरी विचारले,
पायाखाली जमीन नसली तर देश उरतो का?
यावर पुष्कळ बोलले गेले.
कुणी उरतो म्हणाले, कुणी सहसा उरतो,
कुणी म्हणाले, त्या प्रश्नाला अजून वेळ आहे.

परतल्यावर मनेआबात सगळे जमले.
मी निकाल वाचून दाखवला, जमेल तसा आमच्या भाषेत.
हुकूम आहे का? मामाने विचारले.
सल्ला आहे, म्हटले. पण वजनदार.
सल्ला माझी सासूही द्यायची, मामा म्हणाला,
तीही वजनदार होती.
छपराखालच्या कोंबड्या उडाल्या एवढा हशा पिकला.
नेई कारोतू तेवढी हसली नाही. तिचा मुलगा
आता ऑकलंडजवळ सफरचंदे तोडतो,
तिथल्या कायद्यात त्याला काय म्हणायचे
अजून ठरलेले नाही.

रात्री मामाने मला पुन्हा लिहायला बसवले.
पोरांसाठी कागद करून ठेवू, म्हणाला.
घर एक. नारळ चौदा. थडगी तीन.
चतुःसीमा येणेप्रमाणे :
पूर्वेस समुद्र.
पश्चिमेस लगून, म्हणजे समुद्रच.
उत्तरेस तियोनेचे घर होते, आता समुद्र.
दक्षिणेस...

तो उठला, दारापर्यंत गेला, बॅटरी मारून बघून आला.
रस्ता लिही, म्हणाला. आहे अजून.
आणि खाली आजची तारीख घाल.
या वेळी खरी.